गाडी नसताना ट्रॅक लाल दिसतोय? पुन्हा पुन्हा पडणारं ट्रॅक सर्किट कसं तपासायचं

"सिग्नल बिघाडामुळे गाड्या उशिराने धावत आहेत" अशी घोषणा झाली की फलाटावरच्या माणसाला वाटतं, कुठला तरी दिवा गेला असेल. दिवा क्वचितच जातो. माझ्या कामाच्या वर्षांत मी ज्या बिघाडासाठी सगळ्यात जास्त धावलो, तो ट्रॅक सर्किटचा, म्हणजे रुळाच्या तुकड्यावर गाडी आहे का हे विजेने ओळखणाऱ्या यंत्रणेचा. रुळावर गाडी नसते, तरी स्टेशनच्या पॅनेलवर तो तुकडा लाल दिसतो (आमच्या भाषेत "ट्रॅक पडला", मोकळा झाला की "उठला"), मागचा सिग्नल उतरत नाही, लालच राहतो, त्या भागात पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जागा) असेल तर तोही अडकून बसतो. मग प्रत्येक ड्रायव्हरला लेखी परवानगी द्यायची आणि गाडी हळूहळू पुढे काढायची.

उशीर कसा साचत जातो ते साध्या हिशेबाने पाहा. दर 5 मिनिटांनी एक गाडी येते आणि परवानगीचा कागद देऊन ती पुढे काढायला 8 मिनिटं लागतात असं धरा. तासाला 12 गाड्या येतात, सुटतात जेमतेम 7. बाकीच्या मागे उभ्या. बिघाड तासाभरात निघाला तरी रांग मोकळी व्हायला पुढचे कित्येक तास जातात. म्हणून "आता चालू झालं ना, मग झालं" म्हणून निघून येऊ नये. तोच ट्रॅक तीन दिवसांनी पुन्हा पडला तर तीच रांग पुन्हा लागते.

हे लिहितोय ते मुख्यतः या कामात नव्याने आलेल्यांसाठी. प्रवाशांनीही वाचावं, पण रुळावर उतरून काही करायला जाऊ नये.

आधी थोडं यंत्राबद्दल

विल्यम रॉबिन्सन यांनी 1872 मध्ये जे बंद ट्रॅक सर्किट शोधलं, त्याचं तत्त्व आजही तेच आहे. रुळांचा एक तुकडा दोन्ही टोकांना इन्सुलेटेड जॉइंट (वीज पलीकडे जाऊ न देणारा सांधा) बसवून शेजारच्यांपासून तोडायचा. एका टोकाला बॅटरी (हे फीड टोक), दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे करंट मिळाला की उचलला जाणारा आणि बंद झाला की पडणारा विजेचा स्विच. करंट एका रुळातून जातो, रिलेतून फिरून दुसऱ्या रुळातून परत येतो. रिले उचललेला असला म्हणजे तुकडा मोकळा. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ एकमेकांना जोडतात, करंट तिथूनच परत फिरतो, रिले पडतो, सिग्नल लाल.

यातली खुबी अशी की वायर तुटली, बॅटरी बसली, रूळच दुभंगला, तरी रिले सहसा पडतोच. म्हणजे बिघाड झाला की यंत्र "गाडी आहे" असं म्हणतं. गाड्या थांबतात, लोकांना त्रास होतो, पण माणसं वाचतात. म्हणून माझा पहिला नियम: ट्रॅक लाल दिसला की तो खरं बोलतोय असं धरून चालायचं. त्याला खोटं ठरवायचं ते पुराव्याने.

(इथे लिहिलंय ते साध्या डीसी ट्रॅक सर्किटबद्दल. ऑडिओ फ्रिक्वेन्सीचे ट्रॅक आणि एक्सल काउंटर यांची तपासणी वेगळी.)

लक्षणं नीट ऐका

स्टेशन मास्तर फोनवर "ट्रॅक फेल" एवढंच सांगतात. ते पुरेसं नाही. त्यांना विचारा: सतत लाल आहे की लुकलुकतोय? शेवटची गाडी गेल्यावर लाल राहिला की मध्येच झाला? शेजारचा ट्रॅकही सोबत पडला का? आत्ता पाऊस आहे का, की भर दुपार आहे?

उत्तरावरून अर्धं काम होतं. गाडी निघून गेली तरी लाल तसाच, तर बहुतेक गाडीच्या हादऱ्याने एखादा बॉन्ड (रुळांच्या सांध्यावर वीज पलीकडे नेणारी वायर) किंवा जंपर (जोडवायर) तुटला, नाहीतर काहीतरी लोखंड जॉइंटवर पडलं. पावसात पडतो आणि ऊन पडलं की आपोआप उठतो, तर खडीतून गळती. कडक उन्हात पडतो, संध्याकाळी ठीक होतो, तर रूळ तापून लांबतात आणि इन्सुलेटेड जॉइंटची फट मिटते. दोन शेजारी ट्रॅक एकदम पडले, तर त्यांच्या मधल्या जॉइंटकडे आधी जा. लुकलुकत असेल, तर कुठेतरी सैल जोड आहे.

एक लक्षण मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळं: गाडी उभी आहे आणि ट्रॅक मोकळा दिसतोय. क्षणभर दिसला तरी. तिथे ही यादी वापरू नका. त्याबद्दल खाली.

1. खरंच काही उभं आहे का?

फुकटची तपासणी, पण घाईत हीच राहून जाते. डबा तुकड्याच्या हद्दीत थोडासा राहिला असेल, रुळावर काम करणाऱ्यांची ट्रॉली असेल, गेजचा लोखंडी बार कुणी आडवा विसरला असेल. मालगाडीचं शेवटचं चाक जॉइंटच्या अलीकडे हातभर राहिलं, तरी ट्रॅक लालच दिसणार आणि ते बरोबरच आहे.

हे का महत्त्वाचं, तर ट्रॅक "खोटा" आहे असं एकदा डोक्यात बसलं की माणूस पुढे प्रत्येक गोष्ट तशीच वाचतो.

2. वही उघडा

त्याच ट्रॅकच्या मागच्या नोंदी काढा. तारीख, वेळ, हवामान, कुठली गाडी गेली होती, काय सापडलं, काय बदललं. "तपासलं, ठीक" अशी नोंद असेल तर ती नोंदच नाही. न सापडलेला बिघाड बरा झालेला नसतो.

2016 मध्ये सिंगापूरच्या सर्कल लाइनवर गाड्यांचा सिग्नलशी संपर्क मध्येच तुटायचा आणि त्या आपोआप ब्रेक लावून थांबायच्या. जागा वेगळी, वेळ वेगळी, गाडी वेगळी, कशाचा कशाला मेळ लागेना. शेवटी आकडेवारीवर काम करणाऱ्या लोकांनी प्रत्येक घटनेची वेळ आणि जागा आलेखावर मांडली. तेव्हा दिसलं की बंद पडणाऱ्या गाड्यांच्या समोरून, उलट दिशेने, एकच गाडी जात होती: पीव्ही 46. बिघाड तिच्यात होता आणि भोगत होत्या दुसऱ्या. तो ट्रॅक सर्किटचा बिघाड नव्हता, पण वेळ आणि जागा लिहून ठेवलेली नसती तर ती गाडी सापडली नसती. आपल्या वहीतही नेमकं तेच हवं.

3. चालत जा, डोळे उघडे ठेवून

परवानगी घेऊन, सोबत लुकआउटला, म्हणजे गाडी येते का बघायला, माणूस ठेवून, फीड टोकापासून रिले टोकापर्यंत पूर्ण चाला. मीटर खिशात राहू द्या.

इन्सुलेटेड जॉइंटवर ब्रेकच्या घर्षणातून सुटलेला लोखंडी कीस साचतो. तो ब्रशने झाडला की ट्रॅक उठला असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. आडवी पडलेली तार, पत्र्याचा तुकडा, तुटलेली क्लिप, पॉइंटच्या रॉडचं झिजलेलं इन्सुलेशन बघा. पाणी रुळाच्या तळापर्यंत चढलंय का बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रुळाला तडा आहे का ते. तडा दिसला तर तुमचं काम तिथेच संपलं. गाड्या थांबवा, ट्रॅकच्या लोकांना बोलवा.

बॉन्ड नुसता बघून भागत नाही, हात लावा. एक ट्रॅक मला महिनाभर छळत होता. गाडी गेली की पडायचा, मी पोचेपर्यंत उठलेला असायचा. बॉन्ड सगळे जागेवर दिसत होते. शेवटी एकेक पिन बोटांनी फिरवत गेलो. बाकीच्या हलेनात, आणि एक बोटाच्या जोरावर भोकात गरगर फिरली. बाहेर काढली तर भोकाच्या आतून तपकिरी गंज आणि वायर पिनेत शिरते तिथे सात पदरांपैकी दोनच शाबूत. गाडीच्या हादऱ्याने ते दोन पदर सुटायचे, नंतर पुन्हा टेकायचे. भोक साफ करून नवा बॉन्ड बसवला, तेव्हा कुठे तो ट्रॅक गप्प बसला.

4. वीज पोचतेय का?

रुळाशेजारची विजेच्या जोडण्यांची पेटी, म्हणजे लोकेशन बॉक्स, उघडा. फ्यूज, चार्जर, टर्मिनलचे नट, बॅटरीच्या पट्टीवरचा पांढरा-हिरवा थर पाहा. फ्यूज उडाला असेल तर नवा घालण्याआधी का उडाला ते बघा. आणि त्याच क्षमतेचा घाला. जाड तार गुंडाळून चालवलेला फ्यूज मी काढून टाकलाय आणि तसा लावणाऱ्याला तिथेच समज दिली आहे.

चार्जर बंद असेल तर बॅटरी काही काळ ट्रॅक धरून ठेवते आणि मग पहाटे कधीतरी सोडते. "रोज पहाटे पडतो" या तक्रारीमागे हे कारण असू शकतं.

5. आता मीटर

फीड टोकाला रुळांमधला व्होल्टेज आणि रुळांत जाणारा करंट, दोन्ही मोजा. एकट्या व्होल्टेजवर निदान करणारा फसतो.

व्होल्टेज जवळजवळ बॅटरीइतका आणि करंट नाहीसाच: पुढे कुठेतरी तुटलंय. व्होल्टेज नावालाच आणि करंट नेहमीपेक्षा खूप जास्त: पुढे कुठेतरी शॉर्ट किंवा मोठी गळती आहे. दोन्ही शून्य: करंट रुळापर्यंत पोचतच नाही, फीडची केबल किंवा जंपर बघा. दोन्ही नेहमीचे आणि रिले टोकालाही व्होल्टेज ठीक, तरी रिले पडलेला: रिलेची जोडणी किंवा खुद्द रिले.

"नेहमीचे" म्हणजे किती? ते पुस्तकात नसतं. त्या ट्रॅकच्या कार्डावर असतं, चांगल्या दिवशी कोरड्या आणि ओल्या हवेत घेतलेल्या रीडिंगमध्ये. कार्ड रिकामं असेल तर आजचा बिघाड निघाल्यावर पहिलं काम ते भरण्याचं.

तुटल्याची जागा शोधायला फीडकडून चालत प्रत्येक सांध्याच्या दोन बाजूंना, एकाच रुळावर, मीटरची टोकं लावा. चांगल्या बॉन्डवर रीडिंग नगण्य येतं. जिथे व्होल्टेज दिसला तिथे बॉन्ड गेला. शॉर्टची जागा शोधायला मिलिव्होल्टवर एकाच रुळाच्या लांबीत रीडिंग घेत जा. शॉर्टपर्यंत थोडा व्होल्टेज मिळत राहतो, कारण तिथवर करंट वाहतोय. शॉर्ट ओलांडला की तो जवळपास नाहीसा होतो. मीटरची टोकं लावण्याआधी रुळाची जागा कानशीने घासा, गंजावरचं रीडिंग तासभर भटकवतं.

6. इन्सुलेटेड जॉइंट: इथे थोडं थांबा

शेजारच्या दोन ट्रॅकना उलटी पोलॅरिटी (प्लस-मायनसची बाजू) मुद्दाम दिलेली असते, म्हणजे मधले जॉइंट फुटले तर एकाची वीज दुसऱ्याचा रिले उचलून धरणार नाही, दोन्ही पडतील. म्हणून दोन ट्रॅक एकदम पडणं हे जॉइंटचं लक्षण.

पण दोन्ही रूळ इन्सुलेट केलेल्या ट्रॅकमध्ये एक गंमतीचा नव्हे, घात करणारा प्रकार होतो. समोरासमोरच्या दोन जॉइंटपैकी एक गेला तर बहुतेक वेळा कुणालाच कळत नाही, ट्रॅक चालतच राहतो. दुसरा गेला की मग दोन्ही ट्रॅक पडतात. घाईत आलेला माणूस एकच जॉइंट साफ करतो, ट्रॅक उठतो, तो निघून जातो. पहिला मेलेलाच राहतो. पुढच्या वेळी दुसऱ्यावर थोडा कीस पडला की पुन्हा तेच. "पुन्हा पुन्हा पडणाऱ्या" कितीतरी ट्रॅकची गोष्ट एवढीच असते. म्हणून दोन्ही जॉइंटवर व्होल्टेज मोजा. दोन्ही चांगले असतील तर दोन्हींवर रीडिंग मिळतं. एकावर शून्य आणि समोरच्यावर दोन्ही ट्रॅकची बेरीज मिळाली, तर शून्यवाला गेला.

उन्हाळ्यातल्या दुपारच्या बिघाडात रुळाच्या डोक्याकडे खाली वाकून बघा. चाकांच्या माऱ्याने पोलाद चेपून पुढे सरकतं, ओठासारखी धार तयार होते आणि मधल्या इन्सुलेशनच्या पट्टीवरून पलीकडच्या रुळाला टेकते. नखाएवढी जाड धार पुरते. सकाळी फट दिसते, दोनच्या सुमारास दिसत नाही. ही धार घासून काढायचं काम ट्रॅकच्या माणसांचं, तुम्ही ती दाखवून द्यायची आणि काम होईपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही.

7. खडी, आणि इथेच होणारी मोठी चूक

खडी स्वच्छ आणि कोरडी असली तर दोन रुळांमधून फारच थोडी वीज गळते. खडीत माती, कोळसा, मीठ, घाण भरली आणि वर पाऊस पडला की गळती वाढते, रिलेला करंट कमी पडतो. काँक्रीटच्या स्लीपरवर रबरी पॅड आणि लायनर झिजले की रूळ थेट स्लीपरमधल्या लोखंडाला भिडतो आणि गळती आणखी वाढते.

अशा वेळी एक सोपा मोह होतो: फीडची रेझिस्टन्स (बॅटरीकडून रुळात जाणारा करंट आवरणारी) कमी करायची. रुळाला जास्त वीज मिळते, भर पावसात ट्रॅक उठतो, गाड्या सुटतात. पण चार दिवसांनी खडी वाळते, गळती थांबते आणि ती सगळी जादा वीज रिलेकडे जाते. आता चाकं गंजलेल्या रुळावर आली, तर त्यांच्यातून पुरेसा करंट वळत नाही आणि रिले गाडीखालीही उचललेलाच राहू शकतो. म्हणजे गाड्या थांबवणारा साधा बिघाड आपण आपल्या हाताने माणसं मारणाऱ्या बिघाडात बदलला.

म्हणून रेझिस्टन्सला हात लावलाच, तर ती ओल्या आणि कोरड्या दोन्ही स्थितींत बसते का हे बघायचं आणि लगेच शंट टेस्ट करायची: 0.5 ओहमचा शंट फीड टोकाला, रिले टोकाला आणि मधल्या फाट्यांवर रुळांमध्ये आडवा लावायचा. प्रत्येक ठिकाणी रिले पडलाच पाहिजे. एका ठिकाणी जरी अडखळला तरी ट्रॅक सेवेत द्यायचा नाही. पावसावर खरा इलाज म्हणजे खडी चाळणं, पाण्याला वाट काढून देणं, पॅड-लायनर बदलणं. ते महाग आहे, वेळ लागतो, आणि तेच करावं लागतं.

8. केबल आणि रिले

केबलचं इन्सुलेशन मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारं यंत्र) तपासताना दोन्ही टोकांची उपकरणं आधी सोडवा, नाहीतर मेगरच्या व्होल्टेजने ती जळतील. हे काम लेखी परवानगी घेऊन, ट्रॅक सेवेतून काढूनच. रिले संशयित वाटला तर त्याच प्रकारचा, तपासलेला रिले लावा आणि जुना कार्यशाळेत पाठवा. सील तोडून जागेवर संपर्क घासणं हा गुन्हा समजा.

कधी हात मागे घ्यायचा

गाडी उभी असताना ट्रॅक मोकळा दिसला, तर काही जोडू नका, काही काढू नका, मीटरही लावू नका. त्या भागातली वाहतूक सिग्नलवर चालवणं लगेच थांबवायला सांगा आणि वरिष्ठांना बोलवा. क्वचित वापरातल्या रुळावरचा गंज, इंजिनाने टाकलेली वाळू, चुकीची जोडणी, कारण काहीही असो, पुरावा जसाच्या तसा राहिला पाहिजे. 22 जून 2009 ला वॉशिंग्टन मेट्रोच्या फोर्ट टॉटन स्टेशनजवळ ट्रॅक सर्किटला थांबलेली गाडी दिसलीच नाही, मागून दुसरी आदळली आणि 9 जण गेले.

विजेवरच्या गाड्यांच्या भागात रुळातून गाडीचा करंटही परत जातो. तिथला रिटर्नचा बॉन्ड किंवा जंपर सोडवला तर दोन टोकांमध्ये जीव घेणारा व्होल्टेज येऊ शकतो. ओव्हरहेड तारांच्या लोकांशिवाय त्याला हात नाही.

जागेवरची वायरिंग आणि नकाशा जुळत नसेल तर थांबा. एकही वायर "बघूया" म्हणून हलवू नका. 12 डिसेंबर 1988 ला लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ 35 माणसं मेली, ती एका जुन्या वायरमुळे. बदलाचं काम करताना ती कापून काढली नव्हती, नुसती बाजूला सारली होती. नंतर ती पुन्हा टर्मिनलला टेकली आणि समोर गाडी असताना सिग्नल लाल झाला नाही. काम करणाऱ्याला 13 आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. म्हणून सलग ड्यूटीने डोळे मिटत असतील तेव्हाही थांबा आणि तसं स्पष्ट सांगा.

आणि रिले वायर टाकून उचलून ठेवा, "तात्पुरतं" करा, असं कुणीही सांगितलं, कितीही मोठ्या हुद्द्याच्या माणसाने सांगितलं, मागे कितीही गाड्या उभ्या असल्या, तरी नाही.

वरच्या माणसाला फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: लक्षण कधी आणि कोणत्या गाडीनंतर दिसलं, फीड आणि रिले टोकाची रीडिंग, दोन्ही जॉइंटवरचा व्होल्टेज, आणि आल्यापासून तुम्ही काय काय हलवलं. शेवटची गोष्ट लपवावीशी वाटते, विशेषतः आपल्या हातून काही चुकलं असेल तेव्हा. ती आधी सांगा.